एन्नोची सही

११ फेब्रुवारी, सोमवार

सही केली नाही. आज तिसऱ्यांदा! फॉर्म जेवणाच्या टेबलावर, वर पेन ठेवलेलं, माझी सही झालेली – आणि हा माणूस त्याच्यावरून बटाट्यांचं भांडं सरकवतो. "उद्या बघू," म्हणे.

एवढं काय आहे त्यात? डिसेंबरात लग्न झालं, कर कचेरीनं आपणहून दोघांना वर्ग चार लावला. सगळ्यांनाच लावतात. मग शहाणी जोडपी तो बदलून घेतात – जास्त पगारवाल्याला तीन, कमीवाल्याला पाच. तीनवाल्याचा कर अगदी कमी कापतात, पाचवालीचा कचाकचा कापतात, पण दोन्ही पगार मिळून घरात महिन्याला जास्त येतं. एन्नो गोदीत इंजिनियर, मी लॅबमध्ये कवळ्या बनवणारी. तीन कुणाला आणि पाच कुणाला, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आमच्या बाबतीत महिन्याला एकशे ऐंशी युरो! मागचं गळकं छप्पर दोन वर्षांत होऊन जाईल.

मार्लीस आज शेजारच्या बाकावरून – "अगं, पाचात गेलीस की खरी बायको झालीस. चारात काय, नुसती भाडेकरू!" सगळी लॅब हसली. मीही हसले. पण लागलं.

१३ फेब्रुवारी

"उद्या बघू."

१७ फेब्रुवारी, रविवार

दुपारी सासूबाईंकडे चहा. म्हणजे मागच्या दारानं बाहेर पडून दहा पावलं – त्या घराच्या मागच्या भागात राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. त्यांच्याकडे तीन कप प्यायल्याशिवाय उठलेलं चालत नाही. अपमान होतो.

मी मुद्दामच फॉर्मचा विषय काढला. म्हटलं, आई तरी समजावतील. त्या साय कपात सोडत म्हणाल्या, "त्यात समजावायचं काय? टोमकेनं इथेच बसून केली होती सही. याच मेणकापडावर. इकडे सही केली, तिकडे चहा प्यायली. वाचलंसुद्धा नाही बाईनं!"

एन्नोनं पहिलाच कप खाली ठेवला. उठला. गेला.

"आता याला काय झालं? कुठे माशी शिंकली?" सासूबाई.

मला कळलं कुठे ते. टोमके! त्याची पहिली बायको. जाऊन साडेचार वर्षं झाली, पण घरात माझ्यापेक्षा तीच जास्त राहते. स्वयंपाकघरातल्या बरण्यांवर तिचं अक्षर – 'मीठ, जाडं'. 'मीठ, बारीक'. मागच्या दाराशी तिचे रबरी बूट. मी एकदा हलवले तर एन्नोनं न बोलता परत जागेवर ठेवले. जिवंत सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही. तीच जिंकते.

२० फेब्रुवारी

भांडण. मी केलं. तो भांडतच नाही, मग एकटीलाच करावं लागतं.

म्हटलं, "तू मला बायको मानतच नाहीस. तिच्याबरोबर तीन-पाच चाललं. माझ्याबरोबर चार-चार. म्हणजे उद्या मोडायचं झालं तर सोपं, नाही का?"

त्याचा चेहरा पांढराफटक. "तसं नाही, फ्राउके."

"मग कसं? सांग ना कसं!"

तो वळला. मग अंगणात गेला आणि त्या बोटीवरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत बसला. ती बोट मी कधी पाण्यात पाहिलेली नाही. विकतही नाही. दर वादळाआधी दोऱ्या तेवढ्या आवळतो.

गंमत बघ – त्रेचाळिसाव्या वर्षी पहिलं लग्न, आणि माझा हट्ट कशाचा? तर पाचाचा! मला कागदावर पाच हवाय. जगात कुठली बाई स्वतःहून पाच मागते? मी मागते आहे. इतर बायकांचं असतं तसं काहीतरी माझंही असू दे, एवढंच.

आणि खरं सांगायचं तर – इथे कोण वाचतंय! – बंदराजवळची माझी जुनी खोली मी अजून सोडलेली नाही. भाडं भरते. एन्नोला वाटतं जानेवारीतच नोटीस दिली. देते देते म्हणताना राहिलं. म्हणजे सही न करणारा तो एकटाच नाही.

२४ फेब्रुवारी

दुपारी एन्नो बाहेर गेलेला. मी वरच्या खोलीत इस्त्री करत होते. खाली कुणीतरी खुर्ची ओढली. अगदी स्पष्ट. टेबलाशी बसताना ओढतात तशी.

उतरले. कुणी नाही. खुर्च्या जिथल्या तिथे. फॉर्म मात्र जमिनीवर पालथा पडलेला.

वाऱ्यानं पडला असेल, दुसरं काय! उचलला आणि वर साखरेचं भांडं ठेवलं. मग खिडकी लावायला गेले.

खिडकी बंदच होती.

२५ फेब्रुवारी

एन्नोला सांगितलं नाही. हसला असता तर राग आला असता. हसला नसता तर जास्तच भीती वाटली असती.

१ मार्च, शुक्रवार

सासूबाईंच्या केसांना रंग लावून देत होते. खिडकीतून बोट दिसते. म्हटलं, आई, ही विकून टाका म्हणावं, छप्पर होईल.

"ती कसली विकतोय! तीन नंबरची बोट ती. टोमकेनं पाच घेतला, याला तीन मिळाला, मग दर महिन्याला जे जादा यायचं त्यातून हिचा हप्ता. दोनशे दहा युरो! टोमके एकदाच बसली तीत. ओकून ओकून बेजार." हसल्या. मग आरशात माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नंतर आजारपणात बिचारीला भत्ता कमी बसला. पाचातला ना. हातात येतो त्या पगारावर मोजतात तो. पण शेवटी काय, घर एकच."

"कमी म्हणजे किती कमी?"

"मला नको विचारूस. आणि एन्नोला सांगू नकोस मी बोलले ते. रंग कानावर ओघळतोय बघ."

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. टोमकेला कर्करोग होता, एवढं मला माहीत होतं. नोकरी करत होती, रोपवाटिकेत, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकत्र ठेवून मी कधी पाहिल्याच नव्हत्या.

३ मार्च, रविवार

विचारलं. आई बोलल्या हेही सांगून टाकलं, माझ्या पोटात काही राहत नाही.

समुद्राच्या बांधावर चाललो होतो. वारा असा की शेजारच्याचं ऐकायला थांबावं लागतं. मेंढ्या वाटेतच बसलेल्या. तो थांबला आणि समुद्राकडे तोंड करूनच बोलला. मध्येमध्ये शब्द उडून जात होते. पण जे ऐकलं ते पुरेसं आहे.

२०१२च्या शरदात टोमकेला पहिल्यांदा निघालं. सहा आठवडे मालकानं पगार दिला, मग विमा मंडळाचा भत्ता सुरू झाला. आठशे पन्नास युरो. चार वर्गात असती तर साधारण दोनशे जास्त मिळाले असते. तोवर दोघांनाही हे माहीत नव्हतं. पाच घेताना कोण आजारपणाचा विचार करतं? करात वर्षाच्या शेवटी सगळं सारखं होतं – कचेरी हिशेब करते, जास्त कापलेलं परत देते. भत्त्याचं तसं नसतं. कमी बसला तो कमीच.

बरी झाली. कामावर गेली. २०१३च्या जूनमध्ये कर कचेरीतून फॉर्म घेऊन आली. चार-चारचा. डॉक्टर म्हणाले होते, परत उलटू शकतं. "ती म्हणाली, एन्नो, मी कामावर आहे तोवरच बदलून घेऊ. पुढच्या वेळी तरी बरा भत्ता बसेल."

पुढच्या वेळी. असं म्हणाली ती. जूनमध्ये, हसतखेळत.

तेव्हा चारवर परत जायलाही दोघांच्या सह्या लागायच्या. तिनं केली. हा म्हणाला, उद्या बघू.

"का?" मी ओरडले. वाऱ्यामुळे ओरडले असं म्हणता येईल.

"बोटीचा हप्ता होता."

"एवढंच?"

"नाही." त्यानं कॉलर वर केली. "सही केली असती तर ते परत येणार हे मान्य केल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, कशाला अपशकुन. ती तीनदा म्हणाली. चौथ्यांदा म्हणाली नाही."

जानेवारीत उलटलं. भत्ता पुन्हा पाचातला. आणि घर एक असलं तरी खाती दोन होती. तीनचं जादा याच्या खात्यात यायचं. ती मागायची नाही. यानं कधी आपणहून विचारलं नाही. बाजारहाट तिच्या खात्यातून चालायचा, लग्न झाल्यापासून तसाच चालत आलेला. मे महिन्यात तिनं डॉक्टरांना सांगितलं, मी बरी आहे, कामावर जाते. काचघरात कुंड्यांचे ट्रे उचलताना पडली. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला गेली.

"कामामुळे नाही गेली. डॉक्टर म्हणाले तसं," एन्नो म्हणाला. "मी दोनदा विचारलं त्यांना."

"आणि सही?"

"नाही केली."

मेंढी खोकली. माणसासारखी. आम्ही दोघंही दचकलो.

परतताना तो म्हणाला, "तीन नको मला, फ्राउके. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. मला तो आकडा माझ्या पगारपत्रकावर परत बघायचा नाही." तो फॉर्म कुठे आहे विचारलं, तर म्हणाला माळ्यावर, निळी फाइल. तिनंच लावलेली. उघडत नाही तो.

४ मार्च

टेबलावरचा माझा फॉर्म फाडला. तीन-पाचचा. त्यानं पाहिलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायला हवं. पण गेला नाही.

५ मार्च

त्याच्याकडे बघवत नाही. सकाळी माझ्यासाठी संत्रं सोलून ठेवलं होतं, पांढऱ्या शिरा काढून, मला आवडतं तसं. चांगला माणूस आहे. तोच तर घोर! वाईट असता तर मी आजच निघाले असते. चांगल्या माणसानंच "उद्या बघू" म्हटलं आणि बाई ट्रे उचलत राहिली.

उद्या मला काही झालं तर? छातीतच, पोटातच असं नाही, कुठेही. मी तीनदा म्हणेन. चौथ्यांदा म्हणेन का?

मी बोलकी आहे, भांडकुदळ आहे, मी म्हणेन – असं वाटतं. टोमकेलाही वाटलं असेल.

६ मार्च

मार्लीस: "काय गं, झालीस का खरी बायको?"

म्हटलं, तुझ्या हातातल्या कवळीकडे बघ, वाकडी बसते आहे. खरंच वाकडी होती.

मग डबा खाताना सहज विचारलं, तुझा वर्ग कोणता? "पाच. बावीस वर्षं." आजारी पडलीस तर भत्ता किती बसेल माहीत आहे? तिनं पाव खाली ठेवला. "असलं काय विचारतेस जेवताना!"

८ मार्च, शुक्रवार

खोलीवर आले. बॅग भरताना तो दारात उभा होता. बूट, दोन स्वेटर, ही वही. निळी फाइलही घेतली. न विचारता माळ्यावर गेले आणि काढली. ती रिकामी चौकट मला माझ्या डोळ्यांनी बघायची आहे. एकीकडे तिची सही आणि शेजारी काहीच नाही, ते बघितलं की ठरवता येईल या माणसाबरोबर राहायचं की नाही. कानांनी ऐकलेल्यावर माझं ठरत नाही.

"कुठे जातेस?"

सांगितलं. खोली अजून माझ्याकडेच आहे, सोडलीच नव्हती, तुला खोटं सांगितलं. वाटलं आता तरी चिडेल. मला चिडायला हवा होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "टोमकेकडे नव्हती."

बसमध्ये रडले. समोरच्या म्हाताऱ्यानं रुमाल दिला, वापरलेला. घेतला.

९ मार्च

खोलीला कोंदट वास. हीटर ठकठक करतो. फाइल टेबलावर. कण्यावर तिचं अक्षर – 'कर, दोघांचा'.

दोघांचा! उघडली नाही.

१० मार्च, रविवार

सासूबाईंचा फोन. "रुसून बसायचं वय आहे का तुझं?"

"मी रुसले नाही, आई."

"मग चहाला का नाही आलीस? एन्नो एक कप पिऊन उठला. मी एकटीनं काय चहाच्या पाण्याकडे बघत बसू?" मग आवाज उतरला. "अगं, माझंही चुकलं. टोमके माझ्याकडे आली होती. म्हणाली, आई, तुम्ही सांगा त्याला. मी म्हटलं, नवरा-बायकोच्या कागदात मी पडत नाही."

फोन ठेवल्यावर खुर्ची वाजली. इथेसुद्धा. मी मागे वळले नाही. म्हटलं, बस बाई. माझी ना नाही.

११ मार्च

लॅब. दोन कवळ्या, एक दाताची टोपी. फाइल उघडली नाही. घाबरते आहे. चौकट रिकामी असेल म्हणून घाबरत नाही, ती असणारच. ती बघितल्यावर मला परत जावंसं वाटलं तर काय, याला घाबरते.

१२ मार्च, मंगळवार

उघडली.

टोमकेची सही, जून २०१३. शेजारची चौकट रिकामी नाही. एन्नोची सही आहे. तारीख १३ ऑक्टोबर २०१४. टोमके नऊला गेली होती.

वर कर कचेरीचा शिक्का, तोही तेराचाच. म्हणजे पोस्टानं नाही, स्वतः घेऊन गेला. रांगेत उभा राहिला असेल, नंबर आल्यावर खिडकीतून कागद आत सरकवला असेल.

मागे कचेरीचं उत्तर टाचलेलं. दोन वाक्यं. पत्नी हयात नसल्याने वर्ग बदलता येत नाही. पतीस वर्ग तीनचा लाभ पुढील वर्षाच्या अखेरपर्यंत मिळत राहील.

सहाची बस आहे. घरी जाते.